सूनबाईंच्या पेटीसमोरचा माईक

मुक्काम मुरुम,
बाजाराच्या आदल्या दिवशी

लोहाऱ्याचे आमचे सन्माननीय व्याही आण्णासाहेब यांना मुरुमच्या बिभीषणचा हात जोडून रामराम.

इकडं सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली तुमच्या डाव्या गुडघ्याच्या मर्जीवर असते हे ठाऊक असल्यामुळं आधी त्याचीच चौकशी करतो. तेल चोळणं चालू असेलच. विहीणबाईंना नमस्कार सांगावा. त्यांनी धाडलेली शेंगदाण्याची चटणी फार उत्तम होती आणि डबा आता रिकामा झाला आहे (हे आपलं सहज कळवलं, यात सूचना काही नाही). ज्ञानेश्वरी, म्हणजे तुमची लेक आणि आमच्या घरातली एकुलती एक शहाणी व्यक्ती, मजेत आहे. चिरंजीव उत्कर्ष उमरग्याच्या बँकेत वेळेवर जातो आणि वेळेआधी येतो.

पत्राला खास कारण असं नाही. हा माणूस काहीतरी मागायला लिहितोय, असा संशय कृपा करून घेऊ नये. एस.टी.त कंट्रोलर म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला कुणाला काही सांगितल्याशिवाय करमत नाही, एवढंच. आणि इथं गेल्या आठवड्यात जे झालं ते तुमच्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी माझ्याकडून गेलेलं बरं.

तर तुम्ही रुखवतात एक काळी पेटी मांडली होती, आठवत असेल. तिच्यावर लोकरीचा रुमाल, रुमालावर मण्यांचा मोर, आणि पुढं चिठ्ठी, तिच्यावर फक्त ‘साऊंड’ एवढंच लिहिलेलं. आम्ही समजलो टीव्हीला जोडायचं काहीतरी असेल. आमच्या सौभाग्यवती द्वारकाबाईंनी उंची बघून तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आणि संक्रांत होईपर्यंत त्या तिथंच होत्या. नव्या नवरीनं सासरच्या लोणच्याला हात लावू नये असं सूनबाईंना वाटलं असणार. मग एके दिवशी त्यांनी बरण्या अलगद खाली उतरवल्या, पलंगाखालून गोधडीत गुंडाळलेली गिटार काढली, वायर पेटीत खुपसली (ती गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, ॲम्प्लिफायर म्हणतात, हे तेव्हा कळलं) आणि एक सूर छेडला. आण्णासाहेब, द्वारकाबाईंच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीमागं पडली. मी ओसरीवर होतो. आयुष्यभर फक्त हॉर्न ऐकलेल्या माझ्या कानांना काय झालं ते मला सांगता यायचं नाही, पण मी आत जाऊन म्हणालो, “अजून एकदा वाजवा.” फार आनंद झाला मला. अजूनही रोज होतो.

आता मूळ मुद्दा. पुण्याची काही मंडळी नव्या गाण्यांचा एक संच काढतायत आणि त्यातल्या दोन गाण्यांत त्यांना आपल्या सूनबाईंची गिटार हवी आहे. (आपल्या म्हणजे तुमच्या आणि माझ्या.) पण त्यांची अट अशी की कॉम्प्युटरनं बनवलेला पेटीचा खोटा आवाज चालणार नाही, खऱ्या पेटीसमोर माईक लावून रेकॉर्डिंग करायचं आणि येत्या सोमवारी पाठवायचं. नाही जमलं तर दुसरा वादक तयार आहे. सूनबाई उत्कर्षला विचारत होत्या की माईक कुठला घ्यावा. उत्तर मी दिलं. माईकच्या बाबतीत या घरात अधिकार कुणाचा? मुरुमच्या स्टँडवर “लोहाऱ्याकडं जाणारी गाडी फलाटावर लागत आहे” हे कुणी सांगितलं? (तिथल्या माईकची वायर मागून तुटलेली होती आणि माझा आवाज नुसता खिडकीतूनच जात होता, हे मला निरोप समारंभात कळलं. पण त्यानं अनुभव कमी होत नाही.)

मी थेट शिवलिंगप्पाकडं गेलो. हा आमचा मंडपवाला. लग्न, सभा, सप्ताह, सगळ्यांना स्पीकर याचाच. तो त्याच्याकडचा सगळ्यात भारी माईक घेऊन आला, भजनी मंडळासाठी घेतलेला, मखमलीच्या डबीतला. म्हणाला, “कंट्रोलरसाब, ह्याचा कान लई तिखट बगा. मुंगी चालली तरी ह्यो ऐकतो.” मला वाटलं, वा, यापेक्षा काय पाहिजे? आम्ही पेटीला भिंतीशी उभं केलं आणि माईक तिच्यापासून चांगला हातभर लांब, मान किंचित वर करून, अगदी प्रमुख पाहुण्यांसमोर ठेवतात तसा ठेवला. आपल्याकडं माईक कुणाच्या तोंडाला चिकटवत नाहीत, पाहुण्याचा मान असतो. सूनबाई म्हणाल्या, “मामा, पेटी भाषण करणार नाही.” मी म्हणालो, बघू तर खरं. सूनबाईंनी मान राखला आणि वाजवलं. झकास वाजवलं. उत्कर्षनं उत्साहाच्या भरात, पूर्ण न ऐकताच, ते पुण्याला पाठवूनही दिलं.

मग आम्ही सगळे ऐकायला बसलो. सुरुवातीला शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर. मग कोंबडी. मग लांब कुठंतरी गिटार. आणि या सगळ्यांच्या वर, स्वच्छ, खणखणीत, द्वारकाबाई मागच्या दारात शेजारच्या शांताक्कांना सांगताना: “पेटी दिली हत्तीएवढी, पण वरण वाढायला एक पळी न्हाय दिली बाई!” आण्णासाहेब, गैरसमज नसावा. त्या ओघात बोलल्या. (पळी आता मीच उमरग्याहून आणली आहे, विषय संपला.) पुण्याचं उत्तर तासाभरात आलं. गिटार नीट ऐकू येत नाही, पुन्हा करून पाठवा, मात्र त्या बाईंचा आवाज फार छान टिपला गेलाय, त्या गातात का? तेव्हापासून द्वारकाबाई सकाळी चहा ठेवताना गुणगुणतात.

मग सूनबाईंनी मला समोर बसवून समजावलं. असला तिखट कानाचा माईक शांत खोलीत ठीक, आपल्या घरात नव्हे. गिटारच्या पेटीचा आवाज दांडगा, तिला दणकट माईक लागतो. त्याला डायनॅमिक म्हणतात. तो लांबचं फारसं मनावर घेत नाही, तोंडाशी येऊन मोठ्यानं सांगितलेलं तेवढंच ऐकतो. मला हा स्वभाव फार ओळखीचा वाटला. आमच्या खात्यात सगळे वरिष्ठ डायनॅमिकच होते.

असे दोन माईक जमले. एक शिवलिंगप्पाचाच, जाळीला पोचा आलेला. तो स्टेजवरून पडलाय, पावसात भिजलाय, आणि एका पुढाऱ्यानं भर सभेत त्याच्यावर मूठ आपटलीय. दुसरा उत्कर्षनं कुरिअरनं मागवलेला, रेडिओवाल्यांचा असतो तसा, जाडजूड, कोरा. शिवलिंगप्पा आपल्या पोच्याच्या बाजूनं, उत्कर्ष आपल्या जाड्याच्या बाजूनं, आणि वाद असा पेटला की सूनबाईंनी आम्हा तिघा वडीलधाऱ्यांना, म्हणजे मी, द्वारकाबाई आणि शिवलिंगप्पा, भिंतीकडं तोंड करून ओळीनं बसवलं. न बघता ऐकायचं आणि सांगायचं, पहिला बरा की दुसरा. बाहेरून जाणाऱ्या शांताक्कांनी विचारलं, “काय गं, कुणाचं काय चुकलं?” पहिला आवाज आला तो भरदार, पण पोट सुटलेला. द्वारकाबाई म्हणाल्या, हाच, खात्यापित्या घरचा वाटतो. शिवलिंगप्पा डोळे मिटून म्हणाला, “ह्यो माझा. माझ्या लेकराचा आवाज मी वळखनार न्हाय व्हय?” तो उत्कर्षचा निघाला. शिवलिंगप्पानं त्यानंतर पाणी मागितलं.

सूनबाईंनी मात्र पोच्यालाच पसंत केलं. म्हणाल्या, जाड्या वाईट नाही, पण गाण्यात खाली ढोल आहे, बेस आहे, त्यांच्या गर्दीत गिटार दबून जाईल. या पोच्यातून ती मधून वाट काढते. मला हे लगेच पटलं. स्टँडवर चाळीस माणसांत कंडक्टरचा आवाज वेगळा कळतो तो काही मोठा असतो म्हणून नव्हे.

माईक ठरला, आता घरात आलेली नवी वस्तू म्हणून द्वारकाबाईंनी नारळ फोडला आणि हळदीकुंकू वाहिलं. माईकला बोट लावू नका म्हटल्यावर त्यांनी कुंकू पेटीच्या तोंडावरच्या कापडाला लावलं, बरोब्बर मधोमध. आणि माईकचं तोंड त्या कुंकवासमोरच पाहिजे असा आग्रह धरला. अडचण अशी की पेटीच्या आत गोल स्पीकर असतो आणि त्याच्या अगदी मध्यावर माईक धरला की आवाज कानाला चावतो, कडेला नेला की मऊ होतो. दोन बोटं इकडं तिकडं केलं तरी सगळं बदलतं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. सूनबाईंनी माईक जरा डावीकडं सरकवला. द्वारकाबाईंनी कुंकू सोडून माईक फिरवला म्हणून तोंड फिरवलं. मग सूनबाई म्हणाल्या, “आत्या, मग कुंकूच इकडं लावा की!” लगेच समेट झाला. पण चांगली जागा सापडेपर्यंत माईक जिथं जिथं गेला, तिथं तिथं आमच्या सौभाग्यवती करंडा घेऊन हजर. संध्याकाळपर्यंत पेटीला गोवर आल्यासारखं झालं. शेवटचा ठिपका, कडेपासून जरासा आत, तो खरा. त्या जागेवरून जो आवाज आला, तो ऐकून शिवलिंगप्पानं पोचा माईक उमरग्याच्या एका लग्नात न देता सोमवारपर्यंत आमच्याकडंच ठेवला. यावरून काय ते समजावं.

मग राहिलं काय? घर. आमचं छत पत्र्याचं. पेटीनं खालचा सूर धरला की वरचा पत्रा त्याला साथ देतो, आणि तो एवढा मोठा तडतडतो की डायनॅमिकलासुद्धा ऐकू जातं. गाद्या टांगल्या, वाकळी टांगल्या, पत्रा काही ऐकेना. शेवटी मी विचारलं की बाई, तुमच्या ओळखीत अशी एखादी खोली आहे का, जिथं आवाज घुमत नाही? सूनबाई हसल्या आणि म्हणाल्या, एकच आहे. माहेरची पोत्यांची खोली. बाबा म्हणायचे गावात कुणाच्या कानावर जाऊ नये, म्हणून आत कोंडून घेऊन वाजवायची, बाबा बाहेरून कडी घालून शेताला जायचे. भिंतीभर सोयाबीनच्या थप्प्या, त्यामुळं आवाज जिथल्या तिथं. इतका सुंदर आवाज पुन्हा कुठं ऐकला नाही, असं म्हणाल्या. तक्रार अजिबात नव्हती त्यांच्या बोलण्यात. आण्णासाहेब, चांगली खोली तुम्हीच दिलीत की त्यांना, फक्त ती चांगली आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं.

असो. फार लांबलं. गुडघ्याला जपावं. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि म्हशीची चौकशी केल्याचं तिला कळवावं.

आपला,
बिभीषण

ता. क. सोयाबीनचा भाव वर सरकलाय असं इथं लोक बोलतायत. तुम्ही भावासाठी एवढे दिवस पोती राखलीत, तर रविवारपर्यंत मेहेरबानी करून एकही पोतं विकू नये. सोमवारी खुशाल गाडी भरावी. आमची एवढी एकच मागणी आहे (वर मागणी नाही असं लिहिलं, ते वर लिहितानाचं होतं).

दुसरा ता. क. हे पत्र घेऊन आमच्या गावातला धनाजी आलाय, त्याच्या पिकअपमध्ये मागं पेटी आहे, तेव्हा नाही म्हणायला जरा उशीर झालाय. उतरवताना कुंकू पुसू देऊ नका. आम्ही सगळे रविवारी सकाळच्या गाडीनं पोचतो. द्वारकाबाई पण येतायत. त्यांना विहीणबाईंनी लांबच्या चुलीकडं गुंतवून ठेवावं.

तिसरा ता. क. हे सूनबाईंना न सांगता लिहितोय. पोत्यांच्या खोलीत एक खुर्ची आत मांडून ठेवा, आणि या खेपेला कडी आतून लावा, तुम्ही आत असताना. मी तिला विचारलं होतं, बाबांनी कधी ऐकलंय का? ती म्हणाली, त्यांना वेळ नसायचा, आणि लगेच तारा पुसायला लागली. पोरीनं वाजवताना तुम्हाला गलबलून आलं आणि खोकल्याचं निमित्त करावं लागलं, तर बिनधास्त खोका. तो माईक तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो, त्याला काही कळायचं नाही. तिला कळेल.