समासातली लाल पेन्सिल

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. फोन पोलिसांनी नेलाय, म्हणून लेकीचं गिचमिड अक्षर तुमच्या नशिबी आलं. काल सकाळी चौघं आले, झडतीचा कागद नाचवला, कपाटापासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळं उपसलं आणि माझ्या पाच वह्याही घेऊन गेले. पाण्याच्या बातमीचं प्रकरण आहे. नळाचं पाणी तपासणीत खराब निघालं आणि अहवालात चांगलं लिहिलं, हे मी छापलं, तर पाणीखात्याच्या साहेबांची अब्रू गेली म्हणे. वर कागद चोरल्याचाही आरोप. आमच्या संपादकांनी पहिल्या पानावर दिलगिरी छापून टाकली. मला ती कळली अंक हातात आल्यावर, तुमच्यासारखीच.

त्यांना हवंय ते माहिती देणाऱ्याचं नाव. वकीलबाई म्हणतात, न्यायालय नाव विचारू शकतं, आणि ते न सांगायचा हक्क कायद्यानं आपल्याला धड दिलेला नाही. गप्प राहिले तर आत जावं लागेल. जाईन. प्रयोगशाळेतल्या त्या बाई दोन मुलींना एकटीनं सांभाळतात, त्यांची नोकरी मी घालवणार नाही. वहीत त्यांचं नाव कुठेच नाही, सगळीकडे नुसतं ‘क्ष’. तेवढ्यापुरती तरी तुमची लेक वेंधळी नाही. गोळ्या वेळेवर घ्या, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठमी

८ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग दोन दिवस उत्तर लिहायचा धीर झाला नाही.

जानेवारीत तुझ्याकडे होतो, तेव्हा नेहमीप्रमाणे तू बातमीचा मसुदा तपासायला दिलास. त्यातले आकडे जुळेनात, म्हणून टेबलावरची वही उघडली. पानोपानी ‘क्ष’. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. अर्धवट नाव दिसलं की समासात प्रश्न करायचा, हे हाताला लागलेलं वळण. त्या बाई एकदा तू नसताना पाण्याच्या तपासणीचे कागद द्यायला आल्या होत्या. मीच चहा केला, आपलेपणानं नाव-आडनाव विचारलं. तेच लाल पेन्सिलीनं समासात लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली ‘पूर्ण नाव द्यावे’. तुला सांगायचं राहून गेलं.

पोलीस कुठले समास वाचतायत, असं मनाला समजावतोय. पण मी वाचतो ना. वकीलबाईंना आधी हे सांग. अक्षर माझं आहे, मला उभं करा म्हणावं. मला माफ कर. हवं तेवढं रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
बाबा

१४ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

तुमचं पत्र आज मिळालं. तारीख कालच होती.

पिशवीत दोन जोड कपडे आणि दात घासायचा ब्रश घेऊन गेले होते. ‘नाव सांगणार नाही’ हे वाक्य आरशासमोर घोकलं होतं. न्यायाधीशांनी मला काही विचारलंच नाही. सरकारी वकिलांनी वही उघडली आणि समासातलं वाचून दाखवलं, प्रश्नचिन्हासकट. मला घरी सोडलं. वकीलबाई मला म्हणाल्या, ‘तुमच्यापुरतं बरंच झालं.’

प्रयोगशाळेतल्या बाईंना संध्याकाळच्या आत कामावरून काढलं. मी त्यांच्या घरी गेले. थोरल्या मुलीनं साखळी न काढता दार उघडलं, आईला भेटायचं नाही म्हणाली आणि लावून घेतलं. मी जिन्यात बराच वेळ पिशवी घेऊन बसले होते.

वही टेबलावर मीच ठेवली. बाबांपासून काय लपवायचं, म्हणून. तुमच्यावर ओरडावंसं वाटतं आणि ओरडता येत नाही, याचाच जास्त संताप येतो. माझी माफी मागू नका, ती द्यायचा हक्क माझा नाही. लोभ आहे, वाढावा असं आज लिहवत नाही.

ठमी

ता. क. बाईंचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे. माफीचं पत्र तिथे घाला. पूर्ण नाव तुम्हाला ठाऊक आहेच.