फळ्या वाकल्या नव्हत्या

आबा,

वकिलांच्या बंगल्यातल्या बाईंनी तुम्हाला कामावरून काढलं नव्हतं. ते मी करवलं. एवढं लिहून मी दोनदा उठले, ओसरीपर्यंत जाऊन आले, भांडी जागच्या जागी होती ती उगाच पुन्हा लावली, आणि परत बसले. वाटलं होतं, हे एक वाक्य कागदावर उतरलं की हात मोकळा होईल. तसं काही झालं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बाय, आधी जमीन दाखव, मग खांब उभा कर. म्हणून सगळंच सांगते.

मी मुंबईहून परत आले तेव्हा रेवसच्या धक्क्यावर तुम्ही बैलगाडी घेऊन उभे होतात. माझ्या कडेवर तीन वर्षांची पोर, आणि एक बोचकं. तुम्ही बोचकं गाडीत ठेवलंत आणि किहीमपर्यंत गाडी हाकलीत. तुमचा जावई गोदीत सुतारकाम करायचा, त्याला क्षय झाला आणि सात महिन्यांत तो गेला, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण ते सात महिने कसे गेले हे मी कधी नीट सांगितलं नाही. चाळीतल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. दार उघडं ठेवलं तर शेजारी बोलत, लावलं तर तो घुसमटे. मी त्याची थुंकी राखेत धरायची, ती राख लांब नेऊन टाकायची, आणि पोरीला दिवसभर शेजारणीच्या उंबऱ्यावर बसवायची. तुम्ही एकदाच भेटायला आलात. दारात बसलात, मागची भिंत बोटांनी वाजवून पाहिलीत आणि दुपारच्या बोटीने परत गेलात. मला केवढा राग आला होता! जावई मरायला टेकलाय आणि हा माणूस भिंत वाजवतोय.

त्या काळात, दुसऱ्या महायुद्धाच्या दहा-बारा वर्षं आधी, मुंबईची बडी माणसं किहीमच्या नारळाच्या वाड्यांमधून बंगले बांधू लागली होती. त्यांचे कठडे, पडव्या, कुंपणं तुम्ही करायचात. आई नव्हती, म्हणून तुमच्याबरोबर मी जायची. तुम्ही मला तिसरीपर्यंत शाळेत घातलं होतंत, ते मापं लिहायला कामी आलं. सुताचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तुमच्या. अजून मला कुठल्याही घराचा खांब दिसला की आधी त्याच्या पायाकडे नजर जाते. खांब मातीत रोवायचा नाही, काळ्या दगडाच्या बैठकीवर उभा करायचा, आणि बुडाला डांबर. दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट सोडायची, कारण पाऊस लागला की लाकूड फुगतं आणि त्याला अंग पसरायला जागा लागते. लोखंडी खिळा मारायचा नाही, दर्याची हवा त्याला दोन पावसांत खाते. होडीवाले वापरतात तो तांब्याचा. शेवटी सगळ्यावर उंडीच्या बियांचं उग्र तेल. ते चोळायचं काम माझं. त्या वासाने पोर माझ्याजवळ झोपायला कुरकुरायची.

शिमगा होऊन गेल्यावर वकील आले. बायकोला क्षय आहे, डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली आहे, पावसाळ्यातसुद्धा तिने बाहेरच पडून राहायचं आहे. बंगल्यासमोर, दर्याकडे तोंड करून, वर छप्पर आणि तीन बाजू उघड्या असा लाकडी ओटा हवा होता. दोघा सुतारांनी रोगाचं नाव ऐकून पाय मागे घेतले होते. तुम्ही हो म्हणालात. मी विळी बाजूला सारली आणि ओरडले, "आबा, मी काय बघून आलेय ते तुम्हाला ठावं न्हाय!"

तुम्ही रंध्याचं पातं पुसत होता. म्हणालात, "जावयाला एक खिडकी काढून देता आली न्हाय. वाजवून बघितली ती भिंत. पलीकडं दुसऱ्याचं बिऱ्हाड." आणि पातं पुन्हा पुसू लागलात.

तेव्हा मला सगळं समजायला हवं होतं. समजलंही असेल. पण पोर अंगणात खेळत होती आणि मी तिच्याकडे बघत होते.

त्या ओट्यासाठी तुम्ही रेवदंड्याच्या खाडीत मोडायला काढलेल्या एका शिडाच्या मचव्याच्या फळ्या आणल्यात. सागाच्या, मिठाने पिकलेल्या. पंचवीस-तीस वर्षं ज्यांनी समुद्र खाल्लाय त्या आता वाकून कुठे जाणार, असं तुम्ही हसून म्हणालात. खांब ऐनाच्या लाकडाचे. ओटा झाला तेव्हा तुम्ही त्यावर हंडाभर पाणी ओतलंत आणि उकिडवे बसून ते फटींतून नाहीसं होताना पाहिलंत. मी आयुष्यात तुम्हाला कशाकडे इतकं प्रेमाने बघताना पाहिलं नाही.

मग गावकरी आले. त्यांना बंगला आणि विहिरीची वाट यांच्यामध्ये कुंपण हवं होतं, बाईंनी इकडे येऊ नये आणि आपल्या पोरांनी तिकडे जाऊ नये म्हणून. तेही तुम्हीच केलंत. पांगाऱ्याचे खुंट पुरलेत, पावसात त्यांना फूट येते आणि ते कुजत नाहीत. मध्ये बांबूच्या पट्ट्या विणल्यात. पण उंची कमरेएवढीच. एक म्हातारा म्हणाला, "एवढं बुटकं?"

"वारा अडवायला सांगितला न्हवतात," तुम्ही म्हणालात. "मानसं अडवायला सांगितलीत. ती एवढ्यानं अडतात."

पाऊस लागला आणि तुमचं जाणं थांबायच्या ऐवजी वाढलं. पश्चिमेचा पाऊस आडवा येतो, छपराखाली घुसतो, म्हणून तुम्ही नारळाच्या झावळ्यांची झापं विणून दोरीवर वरखाली होतील अशी टांगलीत. मग ती दोरी आखडली म्हणून गेलात. मग नुसतेच गेलात. बाई माझ्याच वयाच्या, पंचविशीच्या. वकील शनिवारी येत, तेही बोट लागली तर. एरवी एक स्वयंपाकीण आणि एक माळी. त्या तुम्हाला लाकडांची नावं विचारायच्या. एकदा मी तुमचा डबा घेऊन आले होते, तेव्हा पाहिलं: तुम्ही ओट्याच्या कडेला बसला आहात, त्यांनी दिलेल्या कपातून चहा पिताहात, आणि हसताहात. मोठ्याने, मान मागे टाकून. आई गेल्यापासून आपल्या घरात तसं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. मी डबा कुंपणावर ठेवला आणि हाक न मारता परत फिरले.

श्रावणात पोरीला खोकला झाला. वैद्य म्हणाले, हवेचा आहे. मी रात्रंदिवस तिच्या कपाळाला हात लावून बसायची. तुम्ही घरी आलात की मी तिला उचलून आतल्या खोलीत न्यायची आणि तुम्ही दारातच थबकायचात, हातपाय पुन्हा धुवायचात. मला त्याचीही दया आली नाही.

तुम्ही डांबर आणायला अलिबागला गेलात त्या दिवशी मी बंगल्यावर गेले. पाऊस उघडला होता. बाई आरामखुर्चीत पडल्या होत्या, पायांवर शाल. मी कुंपणाच्या अलीकडेच उभी राहिले.

"आत या ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही आबांची मुलगी. ते तुमच्याबद्दल फार बोलतात."

"मी आत येणार न्हाय. घरात लहान पोर हाय माझ्या. आबांना पुन्हा बोलवू नका."

त्या खुर्चीत जरा सावरून बसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरातलं कोण गेलं?"

"नवरा."

"किती दिवस होते?"

"सात महिने."

त्यांनी मान हलवली, जणू मी त्यांना वाटेतल्या एखाद्या गावाचं अंतर सांगितलं होतं. "मी नाही बोलावत त्यांना. ते आपणहून येतात. येऊ नका म्हटलं तरी येतील."

"म्हणून तर सांगते. काम पसंत न्हाय म्हणा. फळ्या वाकल्या म्हणा. मग न्हाय यायचे."

"ते खोटं आहे."

"व्हय. खोटं हाय."

"त्यांना फार लागेल हो ते."

"लागू दे," मी म्हणाले.

त्यांना खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाशी धरून त्या थांबल्या, श्वास परत यायची वाट पाहिली. मला ती वाट पाहणं ओळखीचं होतं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण त्यांनी कधी विचारलं तर खरं तुम्ही सांगा. मी तोवर नसेन."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माळी निरोप घेऊन आला. फळ्या वाकल्यात, काम पसंत नाही, आता मुंबईचा सुतार बोलावू. तुम्ही त्याला दोनदा बोलायला लावलंत. "कंच्या फळ्या?" विचारलंत. त्याला माहीत नव्हतं. तुम्ही तसेच निघालात. बंगल्यावर झापं खाली सोडलेली होती, भेट झाली नाही. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही विहिरीच्या वाटेवर, कुंपणाबाहेर उभे राहून एक डोळा मिटून त्या ओट्याकडे बघायचात. मला बायका सांगायच्या. घरी येऊन उरलेली एक फळी मांडीवर घ्यायचात, तिच्यावरून तळहात फिरवायचात, सूत लावायचात, पुन्हा फिरवायचात. पुढे भाद्रपदात पोरीचा खोकला आपोआप गेला. मी सुटले असं वाटलं. तुम्ही मात्र हातात घेतलेलं दुसरं काम परत केलंत. म्हणालात, "हाताचा भरवसा न्हाय ऱ्हायला."

तेव्हा सांगता आलं असतं. आज मी हेच सारखं घोळवते, की पोरीचा खोकला हे कारण होतं की नुसतं निमित्त. मला भीती होती, ती खरीच होती. त्या रोगावर तेव्हा औषध नव्हतं, आता इंजेक्शनं निघाली आहेत, लोक बरे होऊन कामाला जातात. पण भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी होतं. तुम्ही तिकडे हसला होतात. ते मला सहन झालं नव्हतं. कधी वाटतं, मी पोरीला वाचवलं. कधी वाटतं, पोरीला काही होणारच नव्हतं. दोन्हीकडून विचार करून मी थकते आणि पुन्हा पहिल्याकडे येते.

बाई मार्गशीर्षात गेल्या. वकील महिन्याभराने तुमच्याकडे आले. मुंबईचा कुणी सुतार आलाच नव्हता, आणि त्या निरोपाबद्दल त्यांना काही माहीत असावंसं दिसलं नाही. त्यांना तो ओटा नजरेसमोर नको होता. "तुम्ही बांधलात, तुम्हीच उतरवा," एवढंच म्हणाले. तुम्ही मला बरोबर नेलं नाहीत. चार दिवस एकटे जात होतात. चौथ्या दिवशी संध्याकाळी आलात, हातपाय धुतलेत आणि चुलीसमोर येऊन बसलात.

"एकूण एक फळी जमिनीवर ठेवून बघितली," तुम्ही म्हणालात. "एकही वाकली न्हवती, बाय."

मी भाकरी थापत होते.

"मग त्या ताईंनी असं का सांगितलं असंल?"

तुम्ही विचारलंत. स्पष्ट विचारलंत, माझ्याकडे बघून. मी हो म्हटलं होतं त्या बाईला, कुंपणापाशी उभी राहून. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाले, "मोठ्या लोकांचं काय सांगावं, आबा. वापरून झालं की टाकतात."

तुम्ही चुलीतलं लाकूड आत सारलंत. मग म्हणालात, "तशी वाटली न्हवती." त्यानंतर तुम्ही त्यांचं नाव कधी काढलं नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा कामं घेऊ लागलात, हातही पहिल्यासारखाच चालायचा, पण कुणी चहा विचारला तर नको म्हणायचात आणि काम संपलं की हत्यारं उचलून सरळ घरी यायचात. मी एका निरोपाने तुमचा हात दुबळा केला होता; तो तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघून परत मिळवलात. पण ती बाई मी तुमच्यापासून जी तोडली, ती चुलीसमोरच्या त्या एका वाक्याने. मेल्यावर तोडली. तिने माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि मी ते तिच्याच अंगावर राहू दिलं.

पोर आता दोन मुलांची आई आहे, अलिबागच्या शाळेत शिकवते. मी तिच्याकडेच असते. तिला यातलं काही माहीत नाही. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून मी तो फाडून चुलीत घालीन; लिहायला बसतानाच ते ठरवलं होतं, नाहीतर एवढं लिहिता आलंच नसतं.

आणखी एकच सांगते. तो प्रश्न विचारल्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात. मग एका सकाळी उठलाच नाहीत. शेजारच्या बायका आल्या, रडू लागल्या, मीही रडले, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या आधी, तुमच्या अंगाला हात लावून तुम्ही गार झालात हे कळलं तेव्हा, एक क्षणभर मला हायसं वाटलं होतं, की आता कुणी विचारणार नाही.