अंकल नॅप आणि आत्याचं उत्तर

डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना
३ जून १९९१

चि. लेमुएल यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. धपाटा कशाचा ते खाली येईलच.

मंगळवारी तुला टीव्हीवर पाहिलं. पस्तिशी ओलांडलेला माणूस पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, सपाता आणि झोपेची टोपी घालून सगळ्या देशापुढे उभा राहतो, जांभया देत रॅप गातो, आणि लोक टाळ्या वाजवतात! शेजारच्या मिस कॉर्डीलिया म्हणाल्या की अंकल नॅप, म्हणजे डुलकीकाका, हे नाव याला शोभतंच, शाळेतसुद्धा हा बाकावर झोपायचा. मी म्हटलं, हो, पण तेव्हा फुकट झोपायचा.

आता धपाटा. ईस्टरला आत्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तू घरी आलेला नाहीस. फुलं येतात, फळांच्या टोपल्या येतात, तू येत नाहीस. हे फोनवर बोलता येत नाही, कारण फोन तिच्या खुर्चीशेजारी आहे आणि कान तिचे शाबूत आहेत. म्हणून हे पत्र.

तिचा उजवा हात अजून जड आहे. चालते, जेवते, चर्चलाही येते. पण बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, शब्द सगळे आत जागच्या जागी आहेत, एकही हरवलेला नाही. फक्त बाहेर यायला त्यांना लांबचा रस्ता घ्यावा लागतो. बोलत राहिली तर तो रस्ता रुळेल, नाही तर बुजून जाईल. सुरुवातीला ती एखादं वाक्य सुरू करायची, मध्येच अडायची आणि मान खाली घालायची. आता सुरूच करत नाही. आईबाबा गेल्यावर जिने आपल्याला नुसत्या जिभेच्या धाकावर वाढवलं, ती ही बाई!

लोक फार चांगले वागतात रे. कॉर्डीलिया आणि ती, वर्षानुवर्षं कुंपणावरून एकमेकींची सालटी काढत आल्या. आता कॉर्डीलिया केळ्याचं पुडिंग घेऊन येतात आणि तू किती छान दिसतेस गं म्हणतात. आत्या त्यांच्याकडे अशी बघते, जणू पुडिंग नव्हे, पुष्पचक्रच आणलंय.

संध्याकाळी आम्ही दोघी पोर्चवरच्या झोपाळ्यावर बसतो. तंबाखूच्या गोदामांवरून तो गोडसर, ओलसर वास येतो, मर्टलच्या झाडाची गुलाबी फुलं पायरीवर पडत राहतात. झोपाळा कुरकुरतो. एवढाच आवाज.

लोभ आहे; आता चेहराही दिसावा, ही विनंती.
तुझी,
अर्नेस्टीन


कॅन्ससमध्ये कुठेतरी, बसमधून
१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बसच्या खुर्चीत जितकं वाकता येतं तितकं वाकून.

धपाटा पोचला. लागला.

खिडकीबाहेर सकाळपासून गहूच गहू आहे. वारा आला की सगळं रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतं. बघता बघता माझा डोळा लागला आणि त्या गव्हात आत्या दिसली. मांडीवर शेंगांचं भांडं घेऊन बसली होती. मी तिला काहीतरी विचारलं, ती शेंग सोलत राहिली, आता उत्तर देणार म्हणून मी पुढे झुकलो, आणि बसने ब्रेक मारला.

ताई, मी घरी येत नाही कारण मला भीती वाटते. इथे लांब असलो की ती माझ्या डोक्यात बोलत असते.

लोक विचारतात, तुमची ही झोपाळू शैली आली कुठून? बाकीचे गाणारे ढोलाच्या पुढे धावतात, तुम्ही ढोल पुढे जाऊ देता आणि मग सावकाश मागून येता. मी म्हणतो, दमलो होतो. खरं तुला माहीत आहे. लहानपणी आत्याला कुणी टोमणा मारला की ती लगेच उत्तर द्यायची नाही. पंखा हलवायची, रस्त्याकडे बघायची. समोरच्याला वाटायचं, जिंकलो. आणि मग, सगळ्यांनी श्वास सोडला की, अगदी हळू, एकच वाक्य. माणसं पायऱ्यांवरून खाली पडायची हसून. मी सहा वर्षांत तीन रेकॉर्डी काढल्या, शंभर गावं पाहिली, पण केलं काय, तर त्या पंख्याची नक्कल.

नवं कडवं केलं की मी तिला फोनवर ऐकवायचो. आता ऐकवायला कुणी नाही आणि काल कॅन्सस सिटीत कुणी हसलं नाही. रेकॉर्ड कंपनीचे गॅस्किन्स म्हणतात, पायजम्याचे दिवस गेले. काळा चष्मा घाल, कपाळाला आठ्या घाल, भराभर बोल, लोकांना आता घाबरायचं आहे. मी आरशात आठ्या घालून पाहिल्या. पोटात कळ आल्यासारखा दिसतो.

हे नवं कडवं तिला वाचून दाखवशील?

आत्याची मोटार डावीकडेच वळे,
चर्च उजव्या हाताला, काय करावं न कळे;
शनिवारीच निघते ती, वळत वळत जाते,
रविवारच्या प्रार्थनेला... वेळेवर येते.

टिंबं आहेत तिथे थांब. नाहीतर सगळं फुकट.

लोभ असू दे. राग कमी झाला तर तेही कळव.
तुझा,
लेम


डरहॅम
२९ जून

चि. लेमुएल यास,
आशीर्वाद, या खेपेला धपाट्याविना.

कडवं वाचलं. टिंबांपाशी थांबले. आत्याचे डोळे बारीक झाले, ओठ हलले. ती म्हणाली, ती... मो... आणि लेम, माझ्याच्याने बघवेना. मी पटकन म्हटलं, हो गं, ती मोटार तू कधीच विकलीस, हेच ना? तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आत निघून गेली. काय म्हणायचं होतं कोण जाणे. मी हे रोजच करते. तिचं वाक्य अडलं की हात धरून पलीकडे नेते. तुला काय वाटतं, मला कळत नाही का तिला किती कष्ट पडतात?

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आपल्या कुळाचा मेळावा आहे. चुलतभाऊ रॉस्को सगळं बघतो आहे. टी-शर्ट या वर्षी जांभळे, मागे सगळ्यांची नावं. मासे तळणार कोण यावरून नेहमीची दोन भांडणं झाली आहेत. आणि सर्वांनी मिळून ठरवलं आहे की यंदा टोमण्यांचा खेळ नाही. नियम तुला माहीत आहे: आजारी माणूस, नवी विधवा आणि पाद्री यांच्या वाटेला जायचं नाही. आता आत्याच जर खेळात नाही, तर तिच्यासमोर बाकीच्यांनी जिभा चालवायच्या हे बरं दिसत नाही. ती मांडवात मधोमध बसेल, छातीला फूल लावू, एकेकाने जाऊन तिला दोन गोड शब्द बोलायचे.

तू ये. काहीतरी हळुवार म्हण. नीट वाग.

लोभ आहेच, मेळाव्यात सर्वांदेखत व्यक्त करीन.
तुझी,
अर्नेस्टीन


ओमाहा
९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतो.

एक सांगू? रागावू नकोस. पहिल्या वर्षी आमचा पर्सी, तो तबकड्या फिरवणारा, मी गाण्यात थांबलो की घाबरायचा. त्याला वाटायचं मी विसरलो. म्हणून तो ती जागा भरून काढायचा, कधी ढोलाने, कधी माझीच ओळ ओरडून. फार जीव होता त्याचा माझ्यावर. आणि एकही माणूस हसायचा नाही. शेवटी मी त्याला म्हटलं, पर्सी, ती जागा रिकामी नाही, तिथे मी उभा आहे.

इथे नदीवर सकाळी धुकं असतं. पूल अर्धाच दिसतो, तरी मोटारी त्यावरून जातात.

लोभ असावा, मेळाव्यानंतरही.
लेम


डरहॅम
१२ ऑगस्ट

चि. लेमुएल यास,
अनेक आशीर्वाद.

काल पहाटे तू गेलास आणि बोलायचं राहून गेलं. म्हणून लिहिते. तू मांडवात उभा होतास, तुझी तिच्याकडे नजर होती. मी जिथे होते तिथून काय दिसलं, ते तुला कुणीतरी सांगायला हवं.

सगळे रांगेने येऊन तिच्या गालाचं चुंबन घेत होते. किती छान टोपी, किती शांत चेहरा. ती पिसांची टोपी घालून बसली होती, आणि मला एकदम वाटलं, हे आपण अंत्यदर्शनच घेतो आहोत. मग तू आलास. तो मेला पायजमा! रॉस्कोने कपाळावर हात मारला. तू समोर उभा राहिलास आणि खणखणीत आवाजात म्हणालास, आत्या, तू इतकी गप्प बसलीयस की बागेतल्या कबुतरांना वाटलं पुतळा बसवलाय. त्यातलं एक तर तुझ्या डोक्यावर राहायलाही आलंय.

लेम, तळणीतले मासे सोडून कशाचा आवाज नव्हता. कॉर्डीलिया देवा रे म्हणाल्या. रॉस्को तुला धरायला उठला. पाद्रीबुवा बटाट्याच्या सॅलडकडे बघू लागले. आत्याचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, कबु... म्हणाली आणि अडकली. मी तोंड उघडलं. तू माझ्याकडे न बघता हात वर केलास.

मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं ते. झाडांवर रातकिडे भर दुपारी किर्र करत होते, जांभळे शर्ट सगळे थिजले होते. कुणाचं पोर रडलं, गप्प झालं. मला वाटलं, संपलं, या पोराने तिला सगळ्यांसमोर मारलं. आणि मग पाहिलं तर ती अडकलेली नव्हतीच. तिने डाव्या हाताने कागदाचा पंखा उचलला होता. हलवत होती. रस्त्याकडे बघत होती.

कबुतराला... निदान... घरचा रस्ता... माहीत असतो.

आधी कॉर्डीलिया किंचाळल्या. मग रॉस्को हसता हसता खुर्चीवर कोसळला. दोनशे माणसं गवतावर लोळत होती. तू हसत होतास, मग तिच्या गुडघ्यांत तोंड घालून हसत होतास, आणि मग ते हसणं राहिलं नव्हतं. ती तुझ्या टोपीवर हात ठेवून बसली होती. दुसरा हात, उजवा.

त्यानंतर मांडवात रांग लागली, ती टोमणे मारायला. प्रत्येकाने वाट पाहिली. प्रत्येकाला उत्तर मिळालं.

मी तिचं वाक्य पुरं करत होते ते तिच्यासाठी की मला ऐकवत नव्हतं म्हणून, याचा विचार करते आहे. तू काही बोललास तर खबरदार.

लोभ होता त्याहून वाढला आहे, फुगून जाऊ नकोस.
तुझी,
अर्नेस्टीन


न्यूयॉर्क
२ ऑक्टोबर

ती. आत्या आणि ताई, दोघींस,
सा. न. वि. वि.

नवी रेकॉर्ड झाली. पायजम्यातच झाली. एका गाण्यात मी इतका वेळ थांबलो की काचेपलीकडे गॅस्किन्स उठून मशिनच्या तारा तपासू लागले. म्हणाले, इथे काहीतरी भरू या, निदान टाळी तरी. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, मग ही फार दुकानांत जाणार नाही. मी म्हटलं, सावकाश जाईल. परत ऐकताना त्याच जागी ते स्वतःच हसले, आणि मग मला दिसू नये म्हणून खोकले.

टेप सोबत पाठवली आहे. आत्या, तुझं मत हवं. पाहिजे तेवढा वेळ घे.

लोभ असावा, आणि जीभही.
तुझा,
लेम


डरहॅम
२० ऑक्टोबर

चि. लेम यास,
आशीर्वाद.

अक्षर अर्नेस्टीनचं आहे, शब्द माझे आहेत. ती स्वतःचे घुसडत नाही ना, हे मी चष्मा लावून बघते आहे.

टेप ऐकली. चौथं गाणं बरं आहे. पाचव्यात शेवटी घाई केलीस. कुणी मागे लागलं होतं का? रात्र आपली असते, ढोल कुठे पळून जात नाही. पुन्हा ऐकवायला इथे ये. फोनवर तुझी जांभई खोटी वाटते.

कॉर्डीलिया काल कुंपणापाशी येऊन म्हणाली की मी इतकी हळू बोलते की माझं नमस्कार म्हणून होईपर्यंत लोकांची निघायची वेळ होते. माझं उत्तर अजून तयार होतं आहे. तिने खुर्ची आणून ठेवली आहे. आज सकाळीही येऊन बसून गेली. बसू दे.

डॉक्टर खूश आहेत. मी अजून अडते. अडले की आता मला घाबरायला होत नाही. संध्याकाळी झोपाळा मागे जाऊन क्षणभर थांबतो ना, तसं वाटतं.

आता शेवटचं वाक्य राहिलं आहे. ते मला केव्हापासून येतं आहे, पण मी सांगत नाही. अर्नेस्टीन पेन धरून बसली आहे. ओठ आवळले आहेत, मान लाल झाली आहे, तिला नक्की ठाऊक आहे मी काय म्हणणार, पण ती लिहीत नाही. गुणाची पोर.

लोभ...

आहे.

आत्या