टाचण्यांच्या उशीखालचं घड्याळ

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद, आणि ते घेताना तोंड वाकडं करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? दुखायला लागला की तू सगळ्या गोतावळ्याला कळवतेस आणि राहिला की कुणाला सांगत नाहीस. गेल्या महिन्यात काहीच कानावर आलं नाही, तेव्हा बरी आहेस असं धरून चालते. तुझ्या यजमानांना नमस्कार सांग. जागे होतील तेव्हा सांग, घाई नाही. मी ठीक आहे. हे पत्र पुरं व्हायला अर्धी दुपार जाईल (तुला ठाऊकच आहे, शब्द तोंडाने म्हटल्याशिवाय माझ्या हातून उमटत नाही. बाई म्हणायच्या, मोठ्यांदा म्हणा आणि लिहा. मनातल्या मनात लिहायचं पुढे चौथीत शिकवत असतील, आपली शाळा तिसरीत सुटली). शेजारच्यांना वाटत असेल म्हातारी भिंतीशी बोलते. वाटू दे.

मी स्टुलावरून पडले हे सूनबाईने तुला सांगितलंच असेल, आणि सांगताना स्टूल बरंच उंच केलं असेल. खरं एवढंच, की वरच्या फळीवरचं काळ्या दोऱ्याचं रीळ काढायला चढले आणि रिळाच्या आधी खाली आले. हाड मोडलं नाही, स्टूल मोडलं. पण मुलगा धावत आला, खोलीभर फिरला, शिवणाच्या मशीनकडे असं बघितलं जणू त्यानेच मला ढकललं, आणि म्हणाला, "आई, आता शिवण पुरे. आमच्याकडे चल." त्याच्याकडे म्हणजे अकराव्या मजल्यावर. तिथे काही कमी नाही. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, मला वेगळी खोली आहे, आणि त्या खोलीत बसून करायचं काही नाही. मशीनचं काय, असं विचारलं तर सूनबाई म्हणाली, गॅलरीत छान दिसेल, वर कुंडी ठेवता येईल. ज्या मशीनवर बसून मी तिचा नवरा वाढवला, त्याच्यावर कुंडी.

तेव्हा मध्ये पडली नात. तिने हे घड्याळ आणलं. ते वेळ दाखवतं, पावलं मोजतं (माझी पावलं पायडलवर पडतात, ती धरत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मला आळशी म्हणतं) आणि त्यात फोन आहे. आवाज तारेतून जात नाही. कोपऱ्यात ती दिवे लुकलुकणारी डबी आहे ना, जिच्यावर मी बटणांचा डबा ठेवते, तिच्यातून नेटवरून जातो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे पडत नाहीत म्हटल्यावर माणूस किती वेळा फोन करेल, याचा विचार कुणी केला नाही. ठरलं असं, की बाबांनी फोन करायचा आणि आजीने उचलायचा. उचलत राहिली तर खुशाल इथे राहू दे, शिवू दे. नाहीतर टेम्पो आणून आजी आणि मशीन दोन्ही उचलायची.

आता तूच सांग, शिवणारी बाई फोन उचलणार कशी? डावा हात कापडावर, उजवा चाकावर, खाली सुई धावते आहे आणि मनगट गुरगुरतंय. हात सोडला तर टीप वाकडी. पहिल्या दिवशी मी नाकाने उचलला. हिरव्यावर नाक टेकायचं होतं, ते तांबड्यावर टेकलं. आपल्या घराण्याची नाकं तुला माहीत आहेत, नेम धरायला ती केलेलीच नाहीत. फोन कटला. मुलाला वाटलं आई पडली. त्याने खालच्या किल्लीवाल्याला फोन केला. किल्लीवाला हत्यारं घेऊन वर आला. दार उघडंच होतं, पण दार दिसल्यावर त्याला राहवत नाही. त्याने आधी ते ओढून घेतलं, मग आकडा घालून उघडलं, आणि मग मला विचारलं, "आजी, जिवंत आहात ना?" म्हटलं, आहे, पण कुलूप गेलं.

पण खरा घोटाळा निराळाच. माझ्या डाव्या मनगटावर इतकी वर्षं टाचण्यांची उशी असते. तिथे आलं घड्याळ. हाताला काय कळतं? ग्राहकाच्या कपड्यातली टाचणी काढली की मी न बघता मनगटात खुपसते. काचेवर टाचणी घसरते आणि कुठेतरी जाते (एक ज्या गृहस्थाच्या पँटीत गेली, ते परत आलेले नाहीत). मग मी तोड काढली. उशी घड्याळाच्या वरच बांधली. दिसायला मनगटाला गळू झाल्यासारखं दिसतं, पण दोन्ही कामं होतात. एकच झालं, टाचणी खुपसली की उशी दबते, उशीखाली घड्याळ दबतं, आणि त्यात एकाच माणसाचं नाव वर असल्यामुळे फोन थेट मुलाला जातो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळाने तर मुळीच नाही.

त्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचा कोट ढिला करायचा होता. मी टेप कमरेला घातली, टाचण्या लावल्या, काढल्या, खुपसल्या, आणि माप घेताना मी जशी पुटपुटते तशी पुटपुटले, की दोन इंच वाढल्या, लोकांना गोड खाऊ नका सांगतात आणि त्यांनी सोडलेलं सगळं ह्याच खातात. हे मी टेपला म्हटलं. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या, कोट माझ्याकडे होता ना. तेवढ्यात त्यांच्या कमरेजवळून बाप्याचा आवाज आला, "आई, मी मीटिंगमध्ये आहे. इंच कुणाचे?" बाई ज्या उडाल्या, त्या टेपसकट जिन्यापर्यंत गेल्या. टेप नंतर कंपाउंडरच्या हाती परत आली. कोट अजून माझ्याकडे आहे. मला आता दात दुखून चालणार नाही.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. आवाज मऊ. तो मऊ बोलला की मला धडकी भरते, लहानपणी काही फोडलं की असाच बोलायचा. म्हणाला, "आई, तू दिवसभर मला फोन लावतेस. मी हॅलो हॅलो करतो, तू बोलत नाहीस. रविवारी येतो, मग बोलू." बोलायला यायचं तर बसने येता येतं. किल्लीवाल्याला त्याने टेम्पो कुठे लागेल ते विचारलंय, हे मला किल्लीवाल्यानेच सांगितलं.

असो. देवाने दिलं तसं चाललंय. बाकी सर्व क्षेम. तू जिवाला जपून राहा आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
थोरली

ता.क. पत्राबरोबर पुडकं आहे, ते यजमानांसमोर उघडू नकोस. त्यात घड्याळ आहे. ते तू घाल. तुझ्याकडेही ती लुकलुकती डबी आहे, म्हणजे आवाज तिथूनही जाईल, नेटला काय कळतंय बाई कुठली. आपला दोघींचा आवाज सारखा, आपल्या बापाला शेवटपर्यंत फरक कळला नाही, ह्याला काय कळणार? फोन आला की "जेवले", "बरी आहे" आणि "गिऱ्हाईक आलंय, ठेवते" एवढंच म्हण. चौथं वाक्य बोलू नकोस, तुला थांबता येत नाही.

ता.क. दुसरा. पुडकं येणार नाही, वाट बघू नकोस. पंख्याने कागद उडत होता म्हणून मी मघापासून ती उशी पत्रावर ठेवली होती. घड्याळासकट. वर कात्री ठेवली होती. वरचा ता.क. मोठ्यांदा म्हणून लिहिला, पत्र वरून खाली नीट बघितलं, आणि उशी म्हणाली, "आई, मावशीला चौथं वाक्य नाही जमायचं." पहिल्या आशीर्वादापासून ऐकत होता. मला वाटलं, आला टेम्पो. पण तो हसत होता. म्हणाला, मला उशीचं कुठे ठाऊक होतं, मला वाटलं तुला एकटीला करमत नाही, म्हणून फोन लावून गप्प बसतेस. म्हणून मी फोन कापायचो नाही. टेबलावर ठेवून काम करायचो. तिकडून मशीन ऐकू आलं की बरं वाटायचं, ते थांबलं की जीव खालीवर व्हायचा. (हा माणूस लहानपणी मशीन थांबलं की जागा व्हायचा. मी अर्धी शिवणं त्याच्या झोपेसाठी केली आहेत.) आता म्हणतो, "उशी राहू दे तशीच. मशीन ऐकू येतंय तोवर टेम्पो नाही. थांबलं की निघालोच." म्हटलं, मग रविवारी येत नाहीस? म्हणाला, "येतो. जेवायला." म्हणजे तेही माझ्याच गळ्यात.

ता.क. तिसरा आणि खरा. घड्याळ स्वयंपाकघरात पातेल्याखाली आहे आणि हे मी तोंड मिटून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं, लावून घे. दुपारी जेवल्यावर मी झोपते. ही गोष्ट मुलाला माहीत नाही आणि मशीनला आपोआप चालता येत नाही. तू येऊन राहा आणि तेवढा वेळ पायडल मार. दोरा ओवू नकोस, तुझी टीप मी पाहिलेली आहे. गुडघ्यालाही व्यायाम होईल. गुडघा नको म्हणाला तर यजमानांना पाठव. त्यांचं घोरणं मला आठवतंय, हुबेहूब आपल्या मशीनसारखं आहे, फक्त बॉबिन अडकल्यासारखं मध्येच थांबतं. दुपारपुरते घड्याळाशेजारी आडवे झाले तरी पुरे. त्यांना सांगून पाठवायचीही गरज नाही, झोपेतच गाडीत बसव.