तिसरी ज्योत

चिमे,

शनिवारी तू नोकरी सोडणार, असं तुझी आई सांगत होती. मला तू काही सांगत नाहीस, ते बरोबरच आहे. तपासणीत तू चाळीस खिडक्या अडवल्यास आणि मी सगळ्या कारखान्यासमोर म्हणालो, "काल आलीस आणि बापाला काच शिकवतेस?" उभे होते ते हसले. मलाही तेव्हा गंमतच वाटली.

तू गेल्यावर मी आतल्या बाजूने काडी पेटवून धरली. दुहेरी काचेत चार ज्योती दिसतात आणि ऊन अडवणाऱ्या लेपाची तेवढी वेगळ्या रंगाची. ती तिसरी हवी होती, म्हणजे लेप बाहेरच्या काचेला; दिसली दुसरी. चाळीसच्या चाळीस काचा उलट्या, आणि बसवल्या होत्या मीच. वर वीजबचतीचं लेबलही माझ्याच हातचं. घेणारे विश्वासाने घेऊन गेले असते आणि घरात उकडत बसले असते.

लेबलं सगळी सोलून काढली, मालकांना सांगितलं. राहिलीस तू.

हे पत्र काही पाठवत नाही. बोलायचं चारचौघांत आणि माफी मागायची पाकिटात, हे बरं दिसत नाही. उद्या यंत्रं सुरू व्हायच्या आत सगळ्यांसमोर सांगेन, पोरीचं बरोबर होतं. मग नोकरीचं तुझं तू ठरव.

तुझा आडमुठा
बाबा