‘आपला नंबर’ हे ॲप माझ्यामागे कोणाचं, याबद्दल

मी, ओमप्रकाश किसनराव अंबाडकर, वय बहात्तर, राहणार दस्तुरनगर, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, साखर थोडी वाढलेली आहे, आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा धर्मेंद्र आणि मुलगी हर्षा यांना निम्मं-निम्मं. वरची खोली हर्षाची, कारण छत गळत होतं तेव्हाही ती तिथेच राहिली. बँकेतली ठेव दोघांत सारखी. भांडावं एवढी ती नाहीच.

२. भाजीची गाडी लावता लावता पन्नाशीत, शब्दकोश मांडीवर घेऊन, ज्याच्यावर मी शिकलो तो जुना संगणक भंगारात द्यावा. आठवण म्हणून ठेवू नये, धूळ खातो.

३. आता मुद्द्याचं. ‘आपला नंबर’ हे ॲप मी बनवलं. अकोट, मूर्तिजापूरकडचे लोक भाजी-फुलं घेऊन लिलावाला येतात. कोणाचा माल ओट्यावर कधी घ्यायचा, तो नंबर त्यांच्या मोबाईलवर लिहून येतो. नंबर चुकला की माल सगळ्यांच्या शेवटी.

आधी माझा दोष लिहितो. लोक घरी येत, चहा घेत, ॲपमध्ये हे टाका, ते टाका म्हणत. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी प्रत्येकाला आपल्या वऱ्हाडीत ‘होऊन जाईन’, म्हणजे होईल तुमचं काम, म्हणत गेलो. चहावरचं ‘होऊन जाईन’ म्हणजे पाहुण्याला दिलेला नुसता निरोप, हे आपल्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण यंत्राचं काम करणाऱ्यानं म्हटलं की लोक ते खरं धरतात. मूर्तिजापूरकडच्या पार्बताबाई झेंडू लावायच्या. त्यांना वाचता येत नाही. यंत्रानं नंबर बोलून सांगावा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. त्यांनाही मी तेच म्हणालो, आणि विसरलो.

४. सहा वर्षांपूर्वी मी थकलो आणि काम धर्मेंद्रकडे दिलं. अकोल्याला त्याचं ऑफिस आहे. लोक काहीही मागतात, सगळंच केलं तर दुकान बंद करावं लागेल, असं तो म्हणाला. त्यात अर्धं खरं होतं. मग त्यानं ॲपमध्ये सूचनापेटी बसवली. लिहून किंवा बोलून काहीही पाठवा, लगेच लेखी उत्तर : ‘आपली सूचना मोलाची आहे. त्यावर काम सुरू आहे.’ मी चार लोकांत मुलाचं कौतुक करत फिरलो.

मागच्या दसऱ्यानंतर पार्बताबाई यायच्या बंद झाल्या. या उन्हाळ्यात हर्षानं पासवर्ड मागून पेटी उघडली. सहाशे बारा सूचना, एकही ऐकलेली किंवा वाचलेली नाही. एका आडत्यानं मात्र पहिल्या पानावर स्वतःचा फोटो हवा म्हणून थेट धर्मेंद्रच्या ऑफिसात सांगितलं होतं. तो दोन दिवसांत लागला होता. पार्बताबाईंचा आवाज अकरा वेळा होता. शेवटचा असा :

“भाऊ, तुमचं उत्तर येते, पण ते बी लिहेलच असते.”

मी धर्मेंद्रला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, लोकाईले उत्तर पायजे असते. काम नाई.”

५. हर्षा आणि मी बसलो. एकोणीस दिवसांचं काम निघालं. सहा वर्षं अडलेलं, एकोणीस दिवसांचं. ते घेऊन पार्बताबाईंच्या घरी गेलो. फोन नंबर बोलला. त्यांनी दोनदा ऐकला, हसल्या, चहा टाकला. मग म्हणाल्या, “चांगलं झालं, भाऊ. पण आता मी फुलं नाई लावत. कपाशी लावली औंदा.”

मागच्या दसऱ्याला त्या फोन हातात घेऊन ओट्याजवळच बसल्या होत्या. नंबर येऊन गेला. लिलाव संपल्यावर सगळा झेंडू आवारातल्या गाईंपुढे टाकून त्या घरी गेल्या. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता. निघताना त्यांनी हर्षाला चवळीच्या शेंगा बांधून दिल्या.

६. म्हणून ‘आपला नंबर’ हे ॲप, त्याचा सोर्स कोड, नाव आणि सगळे पासवर्ड एकट्या हर्षाचे. तिनं आपोआप जाणारं ते उत्तर पहिल्या दिवशी बंद करावं. सहाशे बारा सूचना एकेक करून ऐकाव्यात. जे जमणार नाही, ते त्या माणसाला फोन करून सांगावं. शिव्या पडल्या तर खाव्यात. आडत्याचा फोटो काढावा.

७. धर्मेंद्र, गेल्या महिन्यात तू विचारलंस, “बाबा, ॲप माह्याच नावानं करसान ना?” मी सवयीनं म्हणालो, होऊन जाईन. तू खरं धरलंस आणि ऑफिसच्या पाटीवर मालक म्हणून नाव रंगवून घेतलंस. तू माझा मुलगा आहेस, जीव तुटतो. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं दोन माणसांसमोर लिहितो.

नाही.

(सही) ओमप्रकाश किसनराव अंबाडकर

ओमप्रकाशजींनी आमच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली. सही त्यांचीच आहे.

साक्षीदार :
१. ॲड. रविकांत धर्माधिकारी, अमरावती (सही)
२. चारुशीला मोहरील, निवृत्त शिक्षिका, अमरावती (सही)

ठिकाण : अमरावती
दिनांक : २१ ऑगस्ट २०२५