प्रश्न क्रमांक सात

२ मार्च, सकाळी ६:४०
आजपासून रोजनिशी. माझे विचार ऐकण्याच्या लायकीचं घरात कोणी नाही म्हणून. बायको ऐकते, पण मधेमधे घड्याळाकडे बघते.

तीस जूनपर्यंत डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंय. त्यासाठी शिबिरं-सत्रं करून मिळणारे आठ क्रेडिट पॉइंट कमी पडताहेत. मला! एकतीस वर्षं मी लोकांच्या पाठी तपासतोय आणि आता बाकावर बसून शिकायचं, वर हजेरीची सही करायची. कण्याच्या संधिवातावर मला शिकवणार कोण, तर ज्यांना मी शिकवलं ते.

संकल्प: रोज एक शोधनिबंध. रोज अर्धा तास चालणं. कोणाला मूर्ख म्हणायचं नाही, निदान तोंडावर.

३ मार्च
निबंध वाचला नाही. छपाई फार बारीक.

५ मार्च, दुपारी ३
कण्याच्या संधिवातावर ऑनलाइन सत्र. सोफ्यावरून केलं. बोलणारं कालचं पोर, मागे पुस्तकांचं कपाट, पुस्तकं उलटी लावलेली. म्हणे एक्स-रेत बदल दिसायला कित्येक वर्षं जातात, तोवर वाट बघत बसू नका. म्हणे हा आजार बायकांनाही होतो, आपल्याच लक्षात येत नाही. आम्ही शिकलो तेव्हा हा पुरुषांचा आजार होता आणि एक्स-रेत दिसत होता. आजार काय राजकारणात आहे, दर पाच वर्षांनी बाजू बदलायला? आवाज बंद केला.

जरा डोळा लागला. उठलो तर स्क्रीनवर प्रश्न: तुम्ही अजून उपस्थित आहात का? तीस सेकंदांत बटण दाबायचं होतं. हजेरी रद्द. पॉइंट शून्य.

हे यांचं शिक्षण!

८ मार्च, रविवार
धाकट्या बहिणीची मुलगी आली होती. वय सव्वीस, शाळेची व्हॅन चालवते. गेली चार वर्षं तिचं एकच पालुपद: मामा, कंबर दुखते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास आखडलेली असते, मोजे घालता येत नाहीत, पहाटे दुखण्यानेच जाग येते. आज तर म्हणाली, झोपून राहिलं की वाढतं रे, गाडीवर गेले की बरं वाटतं.

घ्या! विश्रांतीने वाढतं आणि कामाने कमी होतं. असा आजार असतो कुठे? मी एक्स-रे काढून ठेवलेत, तीनदा. स्वच्छ. मुलगी आळशी आहे, एवढंच निदान. तरी मामा म्हणून कॅल्शियम लिहून दिलं आणि महिनाभर सक्तीची विश्रांती सांगितली.

ती म्हणाली, महिनाभर घरी बसले तर मालक दुसरा ड्रायव्हर बघेल. मी म्हटलं, तब्येत महत्त्वाची. जाताना सोफ्यावरून उठायला तिने दोन्ही हात टेकले. नाटक बरं करते.

बायको म्हणाली, अहो, पोरगी खोटं नाही बोलत. बायकोचं शिक्षण कॉमर्सचं.

९ मार्च
अखेर यांना अक्कल आली. आमच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या सेक्रेटरीबाईंचा फोन. ही माझी जुनी असिस्टंट डॉक्टर, आता मोठी झाली आहे, म्हणजे खुर्ची मोठी झाली आहे. एप्रिलमध्ये स्पेशालिस्ट लोकांसाठी ऑनलाइन परीक्षा आहे, दहा प्रश्न काढून द्याल का सर? प्रश्न काढणाऱ्याला आठ पॉइंट.

आठ! मी विचारलं, भाषण का नको? ती म्हणाली, सर, भाषणाला वेळेची मर्यादा असते. बरोबर आहे. माझं ज्ञान वीस मिनिटांत मावत नाही, हे तिला माहीत आहे.

११ मार्च
प्रश्न तयार. नऊ जुन्या पुस्तकातून घेतले. सातवा मात्र अस्सल, माझ्या अनुभवातला. भाचीवरूनच सुचला. बिनकामाची गोष्ट कुठेतरी कामी आली.

स्त्री, सव्वीस, वाहनचालक. चार वर्षं कंबरदुखी, पहाटे जाग, सकाळी आखडणे, विश्रांतीने वाढ, हालचालीने आराम. एक्स-रे नॉर्मल. पुढे काय कराल? (अ) एमआरआय काढून दाहाचा संधिवात समजून उपचार. (ब) आजार नाही, समजूत घालून विश्रांती. (क) ऑपरेशन. (ड) चष्म्याचा नंबर तपासणे.

उत्तर ब. सापळा असा लावलाय की एकेक शहाणा अलगद अडकेल. ड वाचून मीच दोनदा हसलो.

५ एप्रिल, रविवार
परीक्षा एक तारखेला सुरू झाली. आतापर्यंत अडतीस जणांनी दिली. प्रश्न सातमध्ये अडतीसच्या अडतीस चुकले. सगळ्यांचं उत्तर अ.

जेवण फार चवदार लागलं.

१२ एप्रिल, रविवार
परीक्षा संपली. एकशे एक्केचाळीस तज्ज्ञ. प्रश्न सात चुकवणारे एकशे चाळीस! देशाच्या कण्याचं, माफ करा, पण कठीण आहे.

सेक्रेटरीबाईंनी हरकतींची फाइल पाठवली. त्र्याण्णव हरकती. म्हणाली, सर, एकदा वाचा तरी. वरवर चाळल्या. एकाच्याही भाषेत नम्रता नाही. एकाने लिहिलंय, ही तर लक्षणांची पाठ्यपुस्तकी यादी आहे, उत्तरपत्रिकेत टायपिंगची चूक झाली असावी. एकीने लिहिलंय, ही पेशंट खरी असेल तर कृपा करून तिला आजच कोणाकडे तरी पाठवा, बिचारीची चार वर्षं गेली आहेत.

अज्ञान झाकायला कळवळा बरा पडतो. फाइल डिलीट केली.

१३ एप्रिल
एक जण बरोबर आहे! एकशे एक्केचाळीसांत एक डोकं शाबूत. चौकशी केली. तो आपल्याच गावातला डोळ्यांचा डॉक्टर निघाला. हा संधिवात कधीकधी डोळ्यांतही उतरतो म्हणून त्या लोकांनाही परीक्षेला बसवतात. त्याला सविस्तर पत्र लिहिलं, चार पानी. लिहिलं की आपल्यासारखी माणसं परीक्षेच्या कमिटीवर यायला हवीत. जेवताना बायकोसमोर त्याचं कौतुक केलं. सांगितलं की या गावात खरा डॉक्टर एकच आहे, माझ्याशिवाय.

१७ एप्रिल
डोळेवाल्याचा फोन. आवाजावरून जेवत असावा. म्हणाला, सर, गैरसमज नको, मी दहाही प्रश्नांना ब दाबलं, ऑपरेशनला उशीर होत होता. दोनच बरोबर आले. नापास झालो, आता सगळं वाचून पुन्हा परीक्षा द्यायची आहे.

विनय म्हणतात तो हा. काही लोकांना उत्तर आतूनच कळतं, त्यांना कारण सांगता येत नाही.

१८ एप्रिल
चालायला गेलो. कोपऱ्यावरून परत. बूट चावतो.

२६ एप्रिल, रविवार
बहिणीचा फोन, रडत. भाचीची सकाळची फेरी काढून घेतली. दोनदा उशीर झाला, मुलं फाटकात उभी राहिली. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर चावी ठेवून जा. आणि आता उजवा डोळा लालभडक झालाय, दुखतोय, उजेड सहन होत नाही.

मी म्हटलं, मोबाइल. गार पाण्याने धुवा. बहिणीने फोन ठेवला. आमच्या घरात कृतज्ञता कमीच.

बायको चप्पल घालून निघाली. कुठे, विचारलं, तर म्हणाली, उद्या सकाळचा पहिला नंबर लावून येते त्या डोळेवाल्याकडे. तुम्हीच म्हणालात ना, गावात खरा डॉक्टर एकच आहे.

२७ एप्रिल
दोघी दुपारी परत आल्या. त्याने डोळ्यात थेंब घातले. ते ठीक, त्याचं काम आहे. पण मग हा गृहस्थ तिला विचारतो, सकाळी कंबर आखडते का? झोपून राहिल्यावर वाढते का? ती म्हणाली, डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं? तो म्हणाला, मी नुकताच या विषयात नापास झालोय. संघटनेकडून त्या त्र्याण्णव हरकती मागवून बसून वाचल्या. त्यातली प्रश्न सातची बाई तुमच्यासारखीच होती हो.

लगेच एमआरआय लिहून दिला. डोळेवाला पाठ तपासतो! उद्या दातवाला गुडघे बघेल.

भाची काळा चष्मा लावून बसली होती, त्यामुळे ती माझ्याकडे बघत होती की नाही, हे कळलं नाही.

२ मे
एमआरआय आला. कंबरेच्या खालच्या सांध्यांत दोन्ही बाजूंना सूज. ठळक, असा शब्द वापरलाय.

ही मशीन्स अतिसंवेदनशील असतात.

३ मे
फिल्म पुन्हा खिडकीपाशी धरून पाहिली.

४ मे
पुन्हा पाहिली. सूज आहे.

१० मे, रविवार
भाचीचे उपचार सेक्रेटरीबाईंकडे सुरू. गोळ्या आणि रोजचा व्यायाम. व्यायाम! मी महिनाभर झोपून राहायला सांगितलं होतं तिला. असो, पद्धती वेगवेगळ्या असतात.

सेक्रेटरीबाईंचा फोन आला. कमिटीने प्रश्न सातचं उत्तर बदलून अ केलं. एकशे चाळीस लोकांचा एकेक मार्क वाढला. डोळेवाल्याचा एक गेला, आता दोनाचा एक. सर, प्रश्न काढणाऱ्याचे पॉइंट मात्र देता येणार नाहीत, कमिटीचा निर्णय आहे. मी म्हटलं, पॉइंटसाठी मी काम करत नाही.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, सर, ती प्रश्न सातमधली पेशंट तुमची भाचीच का?

मी म्हटलं, आवाज तुटतोय. तिचा आवाज अगदी स्पष्ट येत होता.

३० मे
भाचीला सकाळची फेरी परत मिळाली. बातमी सांगायला आली. जिना चढून आली, कठड्याला हात न लावता. बायकोने तिला जवळ घेतलं. मी पेपर वाचत होतो. मामा, आता साडेपाचला उठते आणि लगेच मोजे घालते, असं ती मोठ्याने म्हणाली. मोज्यांची एवढी काय ती बातमी! मी छान म्हटलं. पेपर उलटा धरला होता, असं बायको नंतर म्हणाली. तिला सगळ्यातच काहीतरी दिसतं.

२ जून
डेडलाइनला अठ्ठावीस दिवस. आठ पॉइंट एकदम देणारा एकच कार्यक्रम उरलाय. एक दिवसाचं शिबिर, विषय कण्याचा संधिवात, निदानाला होणारा उशीर. श्रोता म्हणून नाव दिलं. अनुभव किती वर्षं, या रकान्यात एकतीस लिहिलं. श्रेणी विचारली होती. त्या यादीत सर्वांत वरचा पर्याय 'शिकाऊ' हा होता, घाईत तोच दाबला गेला.

संकल्प: मागच्या रांगेत बसायचं. मोजून तीन आक्षेप घ्यायचे, मुद्देसूद.

१४ जून, रविवार, संध्याकाळी
सकाळी सव्वानऊला पोचलो. गळ्यात अडकवायला बिल्ला दिला, त्यावर शिकाऊ. कोट त्याच्यावरून बंद केला. डोळेवाला शेजारी येऊन बसला. दुसऱ्या परीक्षेत दहापैकी नऊ मिळाले, म्हणाला. मी अभिनंदन केलं नाही.

अकराला सेक्रेटरीबाई माइकवर आल्या. म्हणाल्या, आज स्लाइड नाहीत, आज पेशंटच बोलेल. आणि भाची स्टेजवर आली. मला कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, हे आता कळतंय. सकाळी माझ्या शर्टाला तिने स्वतः इस्त्री केली होती.

भाची घाबरली होती, पण बोलली नीट. पहाटे कशी जाग यायची, पलंगाच्या कडेला बसून कंबर मोकळी व्हायची कशी वाट बघायची, व्हॅनमधल्या मुलांना ताई आज रागावली आहे असं कसं वाटायचं. आई म्हणायची, लग्न कसं होणार. मला वाटायला लागलं होतं की मी खरंच आळशी आहे, असं ती म्हणाली. तीनशे माणसांचा हॉल भरलेला होता.

माझे आक्षेप कोटाच्या खिशात होते.

कोणीतरी विचारलं, या चार वर्षांत दाखवलं कोणाला? ती म्हणाली, घरचेच एक डॉक्टर होते. माझ्या मागे बसलेला जोरात कुजबुजला, कोण गाढव आहे हा? त्याचं रजिस्ट्रेशन काढून घ्या. आजूबाजूचे हसले. मी पण मान डोलावली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही, हे इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

भाचीने ते ऐकलं असावं. माइक पुन्हा तोंडाशी नेला. म्हणाली, ते वाईट नव्हते हो. मी गेले की नेहमी वेळ द्यायचे. फक्त माझं ऐकायचे नाहीत.

नाव सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. टाळ्या वाजल्या. डोळेवाल्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

घरी आल्यावर सर्टिफिकेटसाठी फॉर्म भरायला बसलो. सगळं पटापट टिक केलं. शेवटचा प्रश्न सक्तीचा: आजच्या सत्रानंतर तुम्ही आपल्या प्रॅक्टिसमध्ये काय बदल कराल? मी लिहिलं, काही नाही. फॉर्म पुढे जाईना. किमान पन्नास शब्द हवेत.

मग लिहायला लागलो. लिहिलं की प्रश्न सातची पेशंट माझी भाची आहे. ती चार वर्षं माझ्याकडे येत होती आणि मी तिला झोपवत होतो. तिच्या डोळ्यांपर्यंत गेलं तरी मी मोबाइल म्हटलं. तिच्यासारख्या आणखी बायका आल्या होत्या, त्यांनाही आळशी म्हणून परत पाठवलं. त्यांचे कागद काढून त्यांना बोलावणार आहे. भाचीची माफी मागायची आहे. शब्द मोजले नाहीत. शंभराच्या वर गेले असतील.

बटण दाबलं. लगेच उत्तर आलं: धन्यवाद, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आठ पॉइंट जमा झाले. अर्ध्या सेकंदात. कोणी वाचलं असेल, असं वाटत नाही. तरी कोणाचा फोन येईल म्हणून पाऊण तास तिथेच बसलो.

आला नाही. मग तेच सगळं भाचीला पाठवावं असं वाटलं. फॉर्म उघडला तर तो रिकामा. फोनवर लिहायला घेतलं, पोरी, एवढं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी सर्टिफिकेटच पाठवून दिलं.

तिचं लगेच उत्तर आलं. अभिनंदन, मामा.